‘जोर लावा’ म्हटलं की नेमकं काय होतं? पेल्विक फ्लोअरचा व्यायाम आणि आपल्याकडचं संशोधन

पेट परीक्षा झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावरचे विद्यार्थी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. ‘पेल्विक हेल्थ’ हा फिजिओथेरपीतला नवा विषय आहे, त्यावर काही घेऊ का? आणि लगेच शीर्षकही तयार असतं: लातूर शहरातल्या ३० स्त्रियांमध्ये अमुक व्यायामाचा तमुक तक्रारीवर होणारा परिणाम. कालावधी, चार आठवडे.

विषय चांगलाच आहे. पण नवा नाही. आणि ‘परिणाम होतो का’ हा प्रश्न तर बराचसा सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे, आणि तो लातूर, नांदेड, बीडकडे बसून जितका चांगला दिसतो तितका लंडनमधून दिसत नाही. हा लेख त्याबद्दल. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी स्नायूंची ओळख करून घेऊ. पुस्तकात याला श्रोणितल म्हणतात. लातूरच्या कुठल्याही गल्लीत जाऊन हा शब्द वापरून बघा, समोरची बाई तुमच्याकडे बघतच राहील. म्हणून मी इथे सरळ पेल्विक फ्लोअर म्हणते. जुन्या घरातली सुतळीची बाज आठवा. चार बाजूंनी लाकडी चौकट, मध्ये ताणून विणलेली सुतळी. आपल्या ओटीपोटाच्या हाडांची अशीच एक चौकट असते. पुढे जांघेच्या मधोमध लागणारं हाड, मागे माकडहाड. या दोघांच्या मध्ये स्नायूंची वीण ताणलेली असते आणि तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय टेकलेले असतात. बाज जुनी झाली की मधोमध झोळ पडतो. बाळंतपणं, सततचं जड उचलणं, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठतेत कुंथणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, यांनी या विणीलाही झोळ पडतो. बाजेत आणि यात फरक एवढाच की सुतळी स्वतःहून ताणली जात नाही, स्नायू जातो. त्याला शिकवता येतं, वाढवता येतं. अख्खी उपचारपद्धत या एका फरकावर उभी आहे.

झोळ पडला की काय होतं, हे बायकांच्या शब्दांत ऐकावं. ‘शिंकलं की लघवी निघती.’ ‘हंडा उचलला की थेंब थेंब जातंय.’ ‘अंग बाहेर यायलंय.’ ‘कंबर लई दुखायलीय, ओटीपोटात वढल्यावानी होतंय.’ यातली पहिली दोन वाक्यं म्हणजे स्ट्रेस युरिनरी इनकॉन्टिनन्स, तिसरं पेल्विक ऑर्गन प्रोलॅप्स. चौथ्याची कारणं दहा असू शकतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्यावर पुढे येते.

आता पुरावा. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली या व्यायामावरचा आपला प्रसिद्ध लेख छापला. आज मोबाईलवर रील्समध्ये ‘केगल करा’ म्हणून जे चालतं त्याचं मूळ ते. पण रील्समध्ये एक गोष्ट गळून पडली. केगल नुसता व्यायाम सांगत नव्हते. योनीत ठेवून दाब मोजणारं, तबकडीवर काटा हलवणारं पेरिनिओमीटर नावाचं साधन त्यांनी बनवलं होतं. बाई आपला स्नायू योग्य रीतीने आवळतेय की नाही, हे तिला स्वतःला दिसावं म्हणून. म्हणजे पहिल्या दिवसापासून या उपचारात दोन गोष्टी होत्या, व्यायाम आणि तो नीट होतोय का याची तपासणी. आपण पहिली घेतली आणि दुसरी सोडली.

तपासणी का लागते याचं उत्तर १९९१ साली बम्प आणि सहकाऱ्यांनी दिलं. अभ्यास छोटा आहे, ४७ स्त्रियांचा. त्यांना तोंडी, थोडक्यात सूचना दिली आणि मग मोजमाप केलं. साधारण निम्म्याच स्त्रियांचा प्रयत्न योग्य होता. आणि सुमारे २५ टक्के स्त्रिया जे करत होत्या त्याने लघवीची तक्रार उलट वाढू शकली असती, कारण त्या आत ओढण्याऐवजी खाली ढकलत होत्या.

हा निष्कर्ष आता मराठीत आणा. प्रसूतिगृहात बाळंतिणीला काय सांगतात? ‘जोर लाव बाई, जोर लाव.’ तिथे जोर लावणं म्हणजे खाली ढकलणं. संडासला जोर लावणं म्हणजेही खाली ढकलणं. एखाद्या मराठवाड्यातल्या बाईच्या शरीरात, कमरेखालच्या भागासाठी ‘जोर’ या शब्दाला हा एकच अर्थ रुजलेला आहे. आणि आपण फिजिओथेरपिस्ट तिला काय म्हणतो? ‘मावशी, खाली जोर लावा, दहापर्यंत धरा.’ ती बिचारी प्रामाणिकपणे जोर लावते. श्वास कोंडते, पोट फुगवते, खाली ढकलते. दिवसातून तीन वेळा, मन लावून. प्रोलॅप्स असलेल्या बाईने हे तीन महिने केलं तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून शब्द बदलावा लागतो. ‘आवळा आणि आत वर ओढून घ्या’ हे ‘जोर लावा’पेक्षा बरं. ‘चारचौघांत बसलात आणि वारा सरायला लागला, तर कसं आखडून धरता, तसं’ हे त्याहून बरं; बायका हसतात, पण स्नायू बरोबर सापडतो. ‘लघवी मध्येच अडवल्यासारखं’ हेही चालतं, मात्र ते फक्त कल्पनेसाठी. लघवी करताना रोज धार अडवायची सवय लावू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. शब्द कुठलाही वापरा, शेवटी एकदा प्रशिक्षित स्त्री थेरपिस्टने, संमती घेऊन, तपासून बघायला हवं. आतून तपासणी नको असेल तर बाहेरून निरीक्षण किंवा पोटावरून अल्ट्रासाऊंड हे पर्याय आहेत. मांड्या किंवा नितंब आवळले जात असतील, श्वास कोंडला जात असेल, तर तो आपला व्यायाम नव्हे.

नीट शिकवलं तर फळ काय मिळतं? २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात १४ देशांतले ३१ अभ्यास, एकूण १,८१७ स्त्रिया धरल्या होत्या. स्ट्रेस इनकॉन्टिनन्स असलेल्या, व्यायाम केलेल्या गटात ५६ टक्के स्त्रियांनी ‘बरी झाले’ म्हटलं; व्यायाम न केलेल्या गटात ६ टक्के. आठपटीचा फरक. हा आकडा सगळे प्रस्तावनेत डकवतात. पण जरा थांबा. तो ३१ अभ्यासांचा नाही, त्यातल्या चारच अभ्यासांचा आहे, मिळून १६५ स्त्रिया. दिशा पक्की आहे यात शंका नाही, पण ‘आठपट’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिताना त्यामागे १६५ जणी आहेत हे तुम्हाला माहीत असायला हवं. व्हायव्हात विचारतील तेव्हा.

प्रोलॅप्ससाठी ‘पॉपी’ नावाची चाचणी वाचाच. २०१४, लॅन्सेट, हेगन आणि सहकारी. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली २५ केंद्रं, ४४७ स्त्रिया. एका गटाला थेरपिस्टकडे १६ आठवड्यांत पाच भेटी आणि घरी करायचा व्यायाम, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रक. वर्षभराने पहिल्या गटातल्या लक्षणांचा गुणांक जास्त घटला होता. गटांमधला फरक होता १.५२, तो २८ पैकी. ऐकायला लहान वाटतो. इथे आपण नेहमी घसरतो, पी-व्हॅल्यू बघितली की पान उलटतो. १.५२ गुणांनी त्या बाईच्या दिवसात काय बदललं, हा प्रश्न विचारायला शिका. आणि दुसरी नोंद: कमी झाली ती लक्षणं. अंग पुन्हा जागेवर गेलं, असा दावा या अभ्यासाने केलेला नाही. लातूरच्या बाईला तसं आश्वासन देणंही बरोबर नाही.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात ‘काही फरक पडला नाही’ असं उत्तर आलं. ‘ओपल’, बीएमजे, २०२०. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या ६०० स्त्रिया. दोन्ही गटांना थेरपिस्टने व्यायाम शिकवला. एका गटाला जोडीला बायोफीडबॅकचं यंत्रही दिलं. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. म्हणजे महागडं यंत्र नाही म्हणून आपल्याकडे हे होणार नाही, ही सबब गेली. केगल यांचं म्हणणं खोटं ठरलं का? नाही. नीट शिकवणारा, तपासणारा, पुन्हा बोलावणारा माणूस दोन्ही गटांकडे होता. यंत्राने त्यात भर घातली नाही, इतकंच.

एक छोटं रत्न सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९८ साली मिलर, ॲश्टन-मिलर आणि डीलान्सी यांनी २७ वयस्कर स्त्रियांना एकच युक्ती शिकवली: खोकला यायच्या आधी आवळून धरा. बस. एका आठवड्यात, मध्यम खोकल्याच्या वेळी गळणारी लघवी सरासरी ९८ टक्क्यांनी कमी झाली, जोराच्या खोकल्यात ७३ टक्क्यांनी. आठवड्यात स्नायू काही वाढत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. इथे वेळ साधणं शिकवलं गेलं. हंडा डोक्यावर घ्यायच्या आधी, सोयाबीनचं पोतं सरकवायच्या आधी, शिंक यायच्या आधी. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात आणि बाईला आठवड्यात फरक दिसला तर ती पुढचे तीन महिने टिकते.

कंबर, गॅप आणि पिशवी

आता ते चौथं वाक्य. ‘कंबर लई दुखायलीय.’

लातूरमध्ये कंबरदुखीची दोन टोकं आहेत. एक टोक अभ्यासिकांमध्ये. लातूर पॅटर्नमधली पोरं दिवसाला दहा-बारा तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, विशीच्या आत मान-पाठ धरते, घरचे घाबरून एमआरआय करतात आणि रिपोर्टमध्ये ‘गॅप’ निघतो. हा गॅप मराठवाड्यातला सर्वात भीतिदायक शब्द असावा. २०१५ साली ब्रिन्जिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यासांतून, कसलंही दुखणं नसलेल्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज होती, ऐंशीच्या वयात ९६ टक्के. दुखत मात्र कुणाचंच नव्हतं. झीज म्हणजे मणक्यांचे पांढरे केस म्हणा हवं तर. दीर्घकाळच्या कंबरदुखीवर व्यायामाचा उपयोग किती, हे २०२१ च्या कॉक्रन आढाव्यात २४९ अभ्यासांवरून पाहिलंय: उपचार न घेणं, नेहमीचे उपचार किंवा प्लासिबो यांच्या तुलनेत वेदना १०० पैकी सरासरी १५ गुणांनी कमी. चमत्कार नाही, पण गोळ्यांच्या पाकिटापेक्षा स्वस्त आणि जास्त टिकाऊ. पोरांसाठी त्याचा अर्थ साधा आहे. उठा, चाला, पाठीचे-पोटाचे व्यायाम सुरू ठेवा.

दुसरं टोक शेतात आहे, आणि ते इतकं सोपं नाही. वाकून खुरपणं, सोयाबीन काढणी, डोक्यावर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. रेल्वे गेली, हंडे राहिले. त्याहून कठीण अवस्था ऊसतोड मजूर बायांची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, ट्रॅक्टरवर चढवायच्या, एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जायचे. फडावर संडास नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं, लघवी दाबून धरायची. बाळंतपण होऊन काही आठवडे नाही झाले तर परत मोळी. पेल्विक फ्लोअरला झोळ पाडण्यासाठी कुणी मुद्दाम योजना आखली असती, तरी यापेक्षा वेगळी आखता आली नसती.

यातलं पुढचं पान तुम्हाला माहीत आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी आली. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने त्या जूनमध्ये विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण दर सहा बायांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती वेगळ्या, त्यामुळे सरळ भागाकार करू नका, पण दरी कुणालाही दिसेल.

या बाया दवाखान्यात काय तक्रार घेऊन गेल्या होत्या? त्या काळच्या बातम्या आणि महिला संघटनांच्या अहवालांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी: अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्तस्राव, ओटीपोटात दुखणं, कंबरदुखी. मग ‘पिशवी खराब झालीय’, ‘कॅन्सर होईल’ ही भीती. आणि खाड्याचा हिशेब. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असं कुणीच म्हणणार नाही. पण कंबरदुखी हे गर्भाशय काढण्याचं कारण होऊ शकत नाही, हे फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता यावं. कंबर मणक्याच्या, सांध्याच्या, स्नायूच्या कारणाने दुखत असेल तर पिशवी गेल्यावरही ती दुखतेच.

शिवाय पिशवी काढल्यावर पेल्विक फ्लोअरचे प्रश्न संपत नाहीत. स्वीडनमध्ये आल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते २००३ या काळातल्या नोंदी पाहिल्या, लॅन्सेटमध्ये २००७ साली छापल्या. गर्भाशय काढलेल्या १,६५,२६० स्त्रिया आणि न काढलेल्या ४,७९,५०६. पुढे स्ट्रेस इनकॉन्टिनन्ससाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे २.४ पट. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध करत नाही. तरी प्रश्न उभा राहतो. ‘दुखतंय’ आणि ‘काढून टाका’ यांच्यामध्ये एक पायरी असायला हवी होती. नीट तपासणी, संसर्ग असेल तर औषध, आणि जिथे स्नायूंचा प्रश्न असेल तिथे तीन-चार महिने व्यायाम. ब्रिटनच्या ‘नाइस’ मार्गदर्शक सूचनांमध्ये स्ट्रेस इनकॉन्टिनन्ससाठी किमान तीन महिने, आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या, त्रास देणाऱ्या प्रोलॅप्ससाठी किमान १६ आठवडे देखरेखीखाली व्यायाम हा पहिला पर्याय म्हणून सुचवलेला आहे. शस्त्रक्रिया नंतर. आपल्याकडे ही पायरी कागदावर असेलही. फडावरच्या बाईच्या वाटेत ती नाही.

इथे एक इशारा, आपल्याच लोकांना. या मुद्द्यावर फिजिओथेरपिस्टांना फार चेव येतो आणि सगळं व्यायामाने बरं होतं असं बोललं जातं. नाही होत. १९८९ साली राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी लॅन्सेटमध्ये छापली. महाराष्ट्रात स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्याने हा लेख वाचला नसेल तर बाकी सगळं वाचणं थांबवून तो वाचावा. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोगविषयक आजार होता, दर बाईमागे सरासरी ३.६. आणि त्यातला निम्मा भार होता जननमार्गाच्या संसर्गाचा. संसर्गावर औषध लागतं, व्यायाम नव्हे. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, ताप, कारणाशिवाय घटणारं वजन, अचानक लघवी बंद होणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि प्रत्येकीचा स्नायू सैलच असतो असंही नाही. काहींचा तो सतत आखडलेला असतो. संबंधांच्या वेळी दुखतं, शौचाला त्रास होतो, ओटीपोट कायम ठणकतं. अशा बाईला ‘आवळा’ सांगणं म्हणजे दुखण्यात भर. तिला आधी सैल सोडायला शिकवायचं. तपासल्याशिवाय व्यायाम वाटू नये, याचं हे आणखी एक कारण.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

गडचिरोलीच्या त्याच अभ्यासात आणखी दोन आकडे आहेत. आपल्याला काही त्रास आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के. पूर्वी कधी तरी स्त्रीरोग तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ९२, ५५ आणि ८. आपल्याकडे याला एक चपखल शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. तुमची प्रश्नावली या अंगावर काढण्यातून आरपार जाते का, हे तुमच्या संशोधनाचं पहिलं काम.

‘तुम्हाला लघवीवर नियंत्रण नसण्याचा त्रास आहे का?’ असं विचाराल तर ‘न्हाई’ असं उत्तर मिळेल. ‘शिंकताना, हंडा उचलताना, खळखळून हसताना लघवी निसटती का, मावशी?’ असं विचारलं की मावशी आधी शेजारणीकडे बघते, मग तुमच्याकडे. शेजारीण खोलीत असेल तर तेही उत्तर बदलतं. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची ठरलेली पद्धत आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, एकत्र बसून एक करायचं, दुसऱ्या कुणीतरी ते उलट इंग्रजीत आणायचं, तज्ज्ञांनी तपासायचं आणि मग खऱ्या बायकांसमोर ते वाचून त्यांना काय समजलं ते विचारायचं. २००० साली बीटन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. आपल्याकडे पहिल्या चार पायऱ्या कागदावर नीट होतात, पाचवी घाईत उरकली जाते. खरा माल पाचवीत आहे. पुण्याच्या मराठीत वैध ठरलेली प्रश्नावली उदगीर-निलंग्याकडे तशीच चालेल, असं गृहीत धरू नका.

लघवीची डायरी हे या विषयातलं नेहमीचं साधन. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईसाठी त्यात सूर्य-चंद्राची चित्रं आणि कपाऐवजी तांब्या-फुलपात्र वापरा. फुलपात्रात किती मिलिलिटर मावतं ते तिच्या घरातल्या फुलपात्रातच मोजून घ्या. भांडी घरोघरी वेगळी असतात.

व्यायाम नेमका काय दिला ते लिहा. ‘पेल्विक फ्लोअर एक्सरसाइज देण्यात आले’ या वाक्याने काहीच कळत नाही. किती सेकंद धरायचं, किती वेळा, दिवसातून कितीदा, कुणी शिकवलं, बरोबर होतंय हे कसं तपासलं, किती भेटी, किती जणींनी घरी खरंच केलं. हे सगळं नोंदवण्यासाठी २०१४ पासून ‘टायडियर’ ही १२ मुद्द्यांची आणि २०१६ पासून खास व्यायामासाठी ‘सर्ट’ ही १६ मुद्द्यांची यादी उपलब्ध आहे. मी यात एक मुद्दा स्वतःहून घालायला सांगेन: सूचनेचं मराठी वाक्य जसंच्या तसं परिशिष्टात छापा. ‘जोर लावा’ होतं की ‘वर ओढून घ्या’, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. कोणत्या शब्दाने किती बायकांचा स्नायू बरोबर आकुंचन पावतो, एवढा एकच प्रश्न घेऊन, अल्ट्रासाऊंडवर मोजून, एक चांगला प्रबंध होऊ शकतो. तो लंडनमध्ये होणार नाही. कुणी घेणार असेल तर मला कळवा, मी मदत करेन.

ब्लाइंडिंगबद्दल गाईड विचारतील. व्यायाम करणाऱ्या बाईला तो कळणारच, तिथे ब्लाइंडिंग होत नाही. पण मोजमाप करणाऱ्याला कोणती बाई कोणत्या गटातली हे कळू न देणं शक्य आहे, ते करा. कंट्रोल गटाला उपचाराविना ठेवणं एथिक्स कमिटीला पटणार नाही आणि पटूही नये. त्यांना माहितीपत्रक आणि नेहमीचा सल्ला द्या, अभ्यास संपल्यावर तोच व्यायाम शिकवा.

आणि कॅलेंडर. हा मुद्दा पुस्तकात सापडणार नाही. मजूर कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तुम्ही ऑगस्टमध्ये कमिटीची मंजुरी घेऊन सप्टेंबरमध्ये १६ आठवड्यांचा अभ्यास सुरू केलात, तर सहाव्या-सातव्या आठवड्यापासून तुमच्या सहभागी बायका सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर असतील. तुम्ही लिहाल ‘ड्रॉपआउट ४० टक्के’. आणि गेलेल्या नेमक्या त्याच, ज्यांचा झोळ सगळ्यात मोठा. गुढीपाडव्यानंतर, एप्रिलच्या मध्यावर सुरू करा. १६ आठवडे ऑगस्टच्या सुरुवातीला संपतात. मध्ये जूनची पेरणी येते, त्या पंधरवड्यात भेटी गावात जाऊन घ्या, दवाखान्यात बोलावू नका. सहा महिन्यांचा फॉलोअप ऑक्टोबरात पडतो, म्हणजे नेमका निघण्याच्या तोंडावर. तो फोनवर घ्यायची तजवीज आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहा, आणि फोन नवऱ्याकडे असतो हे धरून लिहा. बारा महिन्यांचा फॉलोअप पुन्हा एप्रिलमध्ये, बाई घरी.

सीटीआरआयची नोंदणी पहिली सहभागी घ्यायच्या आधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू करायचं तर कमिटीकडे कागद नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलेले हवेत, आणि प्रश्नावलीची ती पाचवी पायरी त्याआधी, बाया निघायच्या आत, गणपती ते दसऱ्याच्या मधल्या दिवसांत.